थिऑसफीतली मानवाची उत्पत्ती : सात मूळवंश, सात फेऱ्या आणि पंचांगातून आलेले आकडे

मौनव्रती

थिऑसफीचा, म्हणजे १८७५ साली निघालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या गूढ तत्त्वज्ञानाचा विषय निघाला की 'ते अटलांटिसवाले' एवढ्यावर बोळवण होते. मानणारेही तेच करतात आणि खोडून काढणारेही. मूळ मांडणी पायरीपायरीने कुणी सांगत नाही आणि ती माहीत नसताना घातलेला वाद दोन्ही बाजूंनी पोकळ राहतो. म्हणून आधी मांडणी देतो. ज्याला जिथे हरकत असेल त्याने तिथे बोट ठेवावे.

आधार सोसायटीच्या संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या 'द सीक्रेट डॉक्ट्रिन'चा, १८८८. दोन खंड, मिळून सुमारे दीड हजार पाने. पहिला खंड विश्वाच्या उत्पत्तीचा, दुसरा मानवाच्या. दुसऱ्या खंडाचा सांगाडा म्हणजे 'ज्यानच्या ग्रंथा'तली, म्हणजे त्यांच्या मते एका प्राचीन गुप्त पोथीतली, म्हणून दिलेली १२ कडवी, त्यांत ४९ श्लोक. बाकी सगळे त्या श्लोकांवरचे भाष्य.

मोठे चक्र असे. पृथ्वी एकटी नाही, ती सात गोलांच्या साखळीतला चौथा गोल आहे. तो एकच डोळ्यांना दिसतो, उरलेले सहा सूक्ष्म द्रव्याचे. जीवनाचा प्रवाह पहिल्या गोलावरून निघून सातव्यापर्यंत पोचला की एक फेरी पुरी होते. अशा सात फेऱ्या. आपण चौथ्या फेरीत चौथ्या गोलावर आहोत, म्हणजे पूर्ण प्रवासाच्या तळाशी, जिथे जडत्व सगळ्यांत जास्त. प्रत्येक फेरीत प्रत्येक गोलावर सात मूळवंश होतात, एकेका मूळवंशाचे सात उपवंश, आणि उपवंशाच्या पोटात पुन्हा सात कुळे.

आता या फेरीतल्या पृथ्वीवरचे मूळवंश. पहिला वंश म्हणजे नुसत्या छाया. आपल्या आधीच्या साखळीवरून, म्हणजे चंद्रावरून आलेल्या बर्हिषद पितरांनी स्वतःच्या सूक्ष्म देहाच्या प्रतिकृती बाहेर टाकल्या, तो हा वंश. त्याला हाडे नाहीत, मन नाही आणि मरणही नाही. तो मेला नाही, दुसऱ्या वंशात विरून गेला. त्याची जागा उत्तर ध्रुवाभोवतीची 'अविनाशी पुण्यभूमी'. दुसरा हायपरबोरियन, उत्तरेकडच्या भूखंडावरचा. त्याची वाढ अंकुर फुटल्यासारखी, आणि शेवटी तो स्वेदज, म्हणजे घामातून जन्मलेला. तिसरा लेमुरियन. सगळी उलथापालथ याच्याच काळात होते. सुरुवातीला स्वेदज, मग अंडज, मग एकाच देहात दोन्ही लिंगे, आणि शेवटी स्त्री-पुरुष वेगळे. या वेगळे होण्याच्या सुमारास 'मन' उतरते. अग्निष्वात्त, म्हणजे मानसपुत्र, या तयार देहांत प्रवेश करतात किंवा ठिणगी टाकतात. तिथून पुढे ज्याला आपण माणूस म्हणतो तो.

चौथा अटलांटियन. त्याचा मुख्य खंड मायोसीन युगात बुडाला, उरलेली रुता आणि दैत्य ही दोन मोठी बेटे साडेआठ लाख वर्षांपूर्वी, आणि प्लेटोने ज्याची गोष्ट सांगितली ते पोसायडोनिस सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी. पाचवा आर्य, वय सुमारे १० लाख वर्षे. सहावा आणि सातवा अजून यायचे आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा: वंश एकदम संपून दुसरा सुरू होत नाही. एकाचा मध्य उलटला की पुढच्याचे बीज पडते, आणि दोन्ही लाखो वर्षे शेजारी नांदतात. बहुतेक गैरसमज इथे होतात.

शेवंती

मौनव्रतीजी, मांडणी स्वच्छ दिलीत. संस्कृतच्या बाजूने एक भर घालते, कारण हे शब्द आले कुठून ते कळले की रचना कशी केली तेही दिसते.

ऐतरेय उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात 'अण्डजानि च जारुजानि च स्वेदजानि चोद्भिज्जानि च' अशी यादी आहे. अंडज म्हणजे पक्षी वगैरे, जरायुज म्हणजे माणूस-गाय, स्वेदज म्हणजे उवा-ढेकणांसारखे जीव, उद्भिज्ज म्हणजे झाडे. छांदोग्यात स्वेदज गाळून तीनच प्रकार आहेत. दोन्ही ठिकाणी हे प्रकार एकाच वेळी जगात आहेत. त्यांत आधी-नंतर काही नाही. ब्लाव्हाट्स्कींनी तीच यादी आडवी होती ती उभी केली, तिला काळाचा क्रम दिला आणि चारही प्रकार एकट्या माणसाच्या वाट्याला लावले. हे पाऊल मूळ ग्रंथांत नाही, ते सर्वस्वी त्यांचे आहे.

पितरांचेही तसेच. 'बर्हिषदः पितरः' आणि 'अग्निष्वात्ताः' हे दोन्ही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पंधराव्या सूक्तात येतात, श्राद्धात आपण त्यांना बोलावतो. विष्णुपुराणात फरक सांगितला आहे तो यज्ञाग्नीचा: बर्हिषद साग्नि, अग्निष्वात्त अनग्नि. गृहस्थाचा अग्नी ठेवणारे आणि न ठेवणारे. थिऑसफीत त्या अग्नीचा अर्थ सर्जनाची जड ओढ असा केला. ज्यांच्यात ती होती त्यांनी देह दिला, ज्यांच्यात नव्हती त्यांना देह घडवता येत नव्हता, म्हणून त्यांनी मन दिले. कल्पना म्हणून ही फार सुंदर आहे, मला ती मनापासून आवडते. पण 'आपल्या पुराणांत असेच लिहिले आहे' असे कुणी म्हणाले तर ते खरे नाही.

काळापाषाण

डार्विनच्या तुलनेत ही मांडणी नेमकी कुठे बसते तेही कुणीतरी लिहा. अनेकांना वाटते की थिऑसफी म्हणजे उत्क्रांतीला विरोध. माझ्या वाचनात तसे नाही.

मौनव्रती

बरोबर, विरोध नाही. ब्लाव्हाट्स्कींच्या मते उत्क्रांतीचे तीन प्रवाह आहेत. एक मोनॅडचा, म्हणजे अविनाशी चैतन्यकणाचा, जो खनिज, वनस्पती, प्राणी अशा अवस्थांतून वर चढतो. दुसरा बुद्धीचा, जो मानसपुत्रांकडून येतो. तिसरा देहाचा. डार्विनने फक्त तिसरा पाहिला, असा त्यांचा आक्षेप. तीन धागे तिसऱ्या मूळवंशाच्या मध्यावर एकत्र गाठले जातात, आणि म्हणूनच तो क्षण इतका महत्त्वाचा.

पण देहाच्या बाबतीतही एक ठिकाणी त्यांनी क्रम उलटा केला आहे. या चौथ्या फेरीत माणूस सस्तन प्राण्यांच्या आधी येतो आणि सस्तन प्राणी मानवाच्या टाकून दिलेल्या साच्यांतून होतात. वानरांबाबत तर स्पष्टच विधान आहे. तिसऱ्या वंशातल्या ज्या शाखांत मन उतरले नव्हते त्यांचा मादी-पशूंशी संकर झाला, ते 'निर्मनांचे पाप'. त्या संततीशी पुढे अटलांटिसच्या काळात पुन्हा संकर झाला आणि त्यातून मानवसदृश वानर निघाले. म्हणजे माणूस वानरापासून नाही, वानर माणसापासून.

प्रजननाच्या क्रमासाठी त्यांनी तेव्हाच्या जीवशास्त्राचा आधार घेतला: आधी विभाजन, मग अंकुरण, मग बीजाणू, मग उभयलिंगी अवस्था, मग लैंगिक प्रजनन. सजीवसृष्टीत आजही दिसणारे हे पाच प्रकार मानवजातीने क्रमाने पार केले, असा दावा.

अहर्गण

आता आकडे. सगळ्यांत जास्त सांगण्यासारखे इथे आहे आणि यावर मराठीत कुठे सविस्तर वाचायला मिळत नाही.

दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीच्या भागात ब्लाव्हाट्स्की एका दाक्षिणात्य पंचांगाचा हवाला देऊन कालगणना देतात. पंचांग कलियुग ४९८६ चे, संवत्सर तारण. त्यातले तीन आकडे टिपून ठेवा:

विश्वाच्या उत्क्रांतीच्या आरंभापासून : १,९५,५८,८४,६८७ वर्षे
ग्रहसाखळीवर 'मानवता' प्रथम प्रकटल्यापासून : १,६६,४५,००,९८७ वर्षे
वैवस्वत मन्वंतराच्या आरंभापासून १८८७ पर्यंत : १,८६,१८,७२८ वर्षे

पहिला आकडा आपण घरबसल्या तपासू शकतो. संकल्पात आपण म्हणतोच: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे, कलियुगे, प्रथमचरणे. त्यातच सगळी सामग्री आहे.

एक महायुग ४३,२०,००० वर्षांचे. एका मन्वंतरात ७१ महायुगे, म्हणजे ३०,६७,२०,०००. प्रत्येक मन्वंतराला कृतयुगाएवढा, १७,२८,००० वर्षांचा संधी. (दोन्ही मिळून ३०,८४,४८,०००, हा आकडाही त्यांच्या तक्त्यात जसाच्या तसा आहे.) वैवस्वत सातवा, म्हणून सहा मन्वंतरे गेली: १,८४,०३,२०,०००. कल्पाच्या आरंभीचा धरून सात संधी: १,२०,९६,०००. चालू मन्वंतरातली २७ महायुगे: ११,६६,४०,०००. अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर: ३८,८८,०००. बेरीज १,९७,२९,४४,०००.

ही बेरीज ब्लाव्हाट्स्कींच्या आकड्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन कोटींनी जास्त येते. इथे बहुतेक जण 'बाईंनी आकडा मनाने लिहिला' म्हणून सोडून देतात. पण सूर्यसिद्धान्त हा जुना ज्योतिषग्रंथ सांगतो की कल्प सुरू झाल्यावर ब्रह्मदेवाला सृष्टी रचायला ४७,४०० दिव्य वर्षे लागली, ती ग्रहगणितात धरायची नाहीत. एक दिव्य वर्ष ३६० मानवी वर्षांचे, म्हणजे १,७०,६४,००० वजा. उरले १,९५,५८,८०,०००. त्यात कलियुगाची गेलेली वर्षे मिळवायची. १८८७ च्या गुढीपाडव्याआधी ती ४,९८७ होती. उत्तर १,९५,५८,८४,९८७.

छापलेला आकडा शेवटी ६८७ आहे, आपले उत्तर ९८७. फरक एका अंकाचा, ९ च्या जागी ६. आणि त्यांचाच दुसरा आकडा पाहा, तो ९८७ वरच संपतो. माझा तर्क असा की हस्तलिखितात किंवा जुळाऱ्याच्या खिळ्यात ९ उलटा होऊन ६ झाला. तर्क म्हणूनच घ्या, पण गणित कुणीही करून पाहावे. एवढे मात्र नक्की की हा आकडा सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेतला आहे, कुठल्या गुप्त मठातला नाही.

संवत्सरातही एक घोळ आहे. कलियुग ४९८६ चालू असताना तारण संवत्सर होते हे बरोबर, पण ते १८८४-८५. (आपल्याकडे शेवटचे तारण शके १९२६, म्हणजे २००४-०५. त्यातून साठ-साठ वजा करत गेले की मिळते.) त्यांनी तारण म्हणजे १८८७ असे लिहिले आहे.

काळापाषाण

अहर्गण, हे फार कामाचे लिहिलेत. मग तिसरा आकडा? १ कोटी ८६ लाख कुठून आला?

अहर्गण

तिथेच गाडी अडते. तुम्हीच करून पाहा. वैवस्वताच्या आरंभापासूनची २७ महायुगे, तीन युगे आणि कलीची ४,९८७ वर्षे मिळून १२,०५,३२,९८७ होतात. म्हणजे १२ कोटी. छापलेला आकडा त्याच्या साडेसहा पट लहान. सूर्यसिद्धान्ताने हे सुटत नाही, पुराणांनीही नाही. 'वैवस्वत मन्वंतर' या नावाखाली त्यांनी पंचांगापेक्षा वेगळे काहीतरी मोजले आहे, ते म्हणजे पृथ्वीवर देहधारी मानव आल्यानंतरचा काळ. थिऑसफीचे अभ्यासक फेऱ्यांचे मनू आणि वंशांचे मनू वेगळे धरतात ते याचसाठी. पण मग त्याला पंचांगाचा आधार सांगता येत नाही.

काळापाषाण

भूशास्त्राकडून बघितले तर हाच आकडा सगळ्यांत जास्त त्रास देतो.

त्या काळी पृथ्वीच्या वयाबद्दल एकमत नव्हते. भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने १८६२ साली २ कोटी ते ४० कोटी वर्षे अशी मर्यादा घातली होती. ब्लाव्हाट्स्कींनी गाळाचे थर साचायला लागलेला एकूण काळ ३२ कोटी धरला आणि तो असा वाटला: आदिम युगाला १७ कोटी १२ लाख, प्राथमिकला १० कोटी ३० लाख ४० हजार, द्वितीयकला ३ कोटी ६८ लाख, तृतीयकला ७३ लाख ६० हजार, चतुर्थकला १६ लाख. या मापात १ कोटी ८६ लाख वर्षे मागे गेले की तुम्ही द्वितीयक युगात पोचता, म्हणजे महाकाय सरीसृपांच्या काळात. म्हणून त्यांचा लेमुरियन माणूस धिप्पाड आहे आणि प्लेसिओसॉरच्या शेजारी वावरतो. त्यांच्या मापात हे सुसंगत आहे.

आजच्या किरणोत्सारी मापनाने द्वितीयक युग २५ कोटी २० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे ठरते. १ कोटी ८६ लाख वर्षांपूर्वी मायोसीन चालू होते. डायनासोर जाऊन पावणेपाच कोटी वर्षे झाली होती. म्हणजे वर्षे धरून ठेवली तर सरीसृप सोडावे लागतात, सरीसृप धरले तर वर्षे. दोन्ही एकत्र ठेवता येत नाहीत. नंतरच्या अनेक पुस्तकांत वर्षे जुनी आणि युगांची नावे आजच्या तक्त्याची असे मिश्रण होते आणि त्यातून काहीच्या काही निष्कर्ष निघतात. वाचताना आधी कुठली मोजपट्टी वापरली आहे ते पाहा.

लेमुरियाची गोष्ट तर मुळात प्राणिशास्त्रातून आली. फिलिप स्क्लेटरने १८६४ मध्ये मादागास्करच्या सस्तन प्राण्यांवर लिहिताना ते नाव दिले. लेमूर या माकडासारख्या प्राण्याचे नातलग मादागास्करला, आफ्रिकेत आणि भारताच्या बाजूलाही दिसतात, मग मध्ये जमीन असली पाहिजे, एवढाच त्याचा मुद्दा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलने तिथे मानवाचे पाळणाघर कल्पिले. भूखंड सरकतात हे वेगेनरने १९१२ मध्ये मांडले, १९६० च्या दशकात भूपट्ट सिद्धान्त पक्का झाला, आणि बुडालेल्या खंडाची गरजच उरली नाही. भारत आणि मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी एकमेकांपासून सुटले. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड त्यानंतरचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हिंदी महासागराचा तळ बहुतांशी महासागरी कवचाचा, बेसाल्टचा आहे. खंडाचे कवच ग्रॅनाइटी, हलके आणि जाड असते, ते असे अख्खे खाली जात नाही.

मानवाच्या बाबतीत: मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदचे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे, आणि आपल्या जातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष त्यांतच मोडतात. इथिओपियातली लूसी ३२ लाख वर्षांची. जावा मानव द्यूब्वाला १८९१ मध्ये सापडला, म्हणजे ग्रंथ निघाल्यानंतर. तेव्हा त्यांच्यासमोर निअँडरथल सोडून फारसे काही नव्हते, हे मात्र न्यायाने लक्षात ठेवले पाहिजे.

मौनव्रती

पाषाणराव, हरकत मान्य. पण थिऑसफीच्या आत याचे उत्तर असे आहे की पहिले अडीच वंश दगडात खुणा सोडणारेच नव्हते. देह सूक्ष्म, हाडे नाहीत. जडत्व आले ते तिसऱ्या वंशाच्या उत्तरार्धात.

काळापाषाण

ते उत्तर पहिल्या अडीच वंशांना चालते. उरलेल्यांना नाही. अटलांटियन हाडामांसाचे होते, नगरे बांधत होते, संख्येने अफाट होते, आणि लाखो वर्षे होते. तेवढ्या काळात एक दात तरी मिळायला हवा.

शिवाय आतला हिशेबही जुळत नाही. त्यांच्याच मते एक कुळ सुमारे ३० हजार वर्षे, उपवंश २ लाख १० हजार. म्हणजे मूळवंश १४ लाख ७० हजार. पाचव्या वंशाला हे छान लागू पडते: चार उपवंश झाले, पाचवा चालू, म्हणजे साडेआठ ते साडेदहा लाख, आणि त्यांनी वय दहा लाख दिले आहे. पण लेमुरिया तृतीयक युगाच्या ७ लाख वर्षे आधी संपला म्हणतात. त्यांच्या मापात ते ९६ लाख वर्षांपूर्वी येते. तिथून पाचव्या वंशापर्यंत ८६ लाख वर्षे एकटा चौथा वंश? सूत्राच्या सहापट जवळजवळ.

अहर्गण

३० हजाराचे मूळ बहुधा अयनचलनात, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या भोवऱ्यासारख्या सावकाश फिरण्यात असावे. अयनचलनाचे पूर्ण चक्र ब्लाव्हाट्स्की २५,८६८ वर्षांचे देतात (आजचे मान सुमारे २५,७७२) आणि कुळाचे आयुष्य त्याच्या आसपास ठेवतात. ते चक्र सध्याच्या वंशावर बेतलेले दिसते, मागच्यांवर नंतर ताणले.

दप्तरखाना

मी कागदपत्रांच्या बाजूने. ही मांडणी एका दिवसात तयार झाली नाही आणि तिचा मोठा भाग भारतात आकाराला आला.

सोसायटी न्यूयॉर्कला १७ नोव्हेंबर १८७५ ची. ब्लाव्हाट्स्कींच्या १८७७ च्या पहिल्या मोठ्या ग्रंथात मूळवंशांची ही रचना नाही, तिथे माणूस प्रामुख्याने देह-जीव-आत्मा असा त्रिविध आहे. फेब्रुवारी १८७९ मध्ये ब्लाव्हाट्स्की आणि सहसंस्थापक ऑलकॉट मुंबईला उतरले, गिरगावात बिऱ्हाड केले, ऑक्टोबरपासून 'द थिऑसॉफिस्ट' मासिक मुंबईहूनच सुरू झाले. डिसेंबर १८८२ मध्ये मुक्काम अड्यारला हलला. मुंबईच्या शाखेत 'जातिभेद विवेकसार'चे कर्ते तुकाराम तात्या पडवळ होते, त्यांनी पुढे सोसायटीच्या निधीतून संस्कृत ग्रंथ आणि भाषांतरे छापण्याचे मोठे काम केले. सातांची उतरंड, फेऱ्या, गोल हे प्रथम आले ते अलाहाबादच्या 'पायोनियर'चे संपादक सिनेट आणि सनदी अधिकारी ह्यूम यांना 'महात्म्यां'कडून, म्हणजे पडद्याआडच्या गुरूंकडून आल्याचे सांगितलेल्या पत्रांत. सिनेटने त्यावरून १८८३ मध्ये पुस्तक केले. मूळ पत्रे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

इथून पहिला फाटा फुटला. सिनेटला समजले की मंगळ आणि बुध हे पृथ्वीच्या साखळीतले शेजारचे दोन गोल आहेत. ब्लाव्हाट्स्कींनी १८८८ मध्ये ते साफ नाकारले: साखळीतले इतर गोल वेगळ्या स्तरावर आहेत, मंगळ-बुधाच्या साखळ्या स्वतंत्र. सिनेटने मानले नाही. पुढे सोसायटीचे नंतरचे नेते बेझंट आणि लेडबीटर सिनेटच्या बाजूने गेले. म्हणून आज एखादे पुस्तक उघडून त्यात मंगळ-बुध साखळीत आहेत की नाहीत हे पाहिले की ते कुठल्या परंपरेतले ते लगेच कळते.

दुसरा मतभेद मद्रासच्या टी. सुब्बा राव यांचा. माणसाची सात तत्त्वांत केलेली विभागणी त्यांना पटली नाही, ते तारक राजयोगाची चार भागांची मांडणी धरून होते. १८८७ मध्ये मासिकातच हा वाद झाला. सीक्रेट डॉक्ट्रिनचा आधीचा खर्डा तपासायलाही त्यांनी नकार दिला.

अटलांटिसचे तपशीलवार उपवंश, म्हणजे र्मोअहल, त्लावात्ली, टोल्टेक, तुराणी, सेमाइट, अक्कादी, मंगोल, हे स्कॉट-एलियट या नंतरच्या थिऑसफी-लेखकाने १८९६ मध्ये दिले. पोसायडोनिस बुडाल्याचे इ. स. पूर्व ९५६४ हे वर्षही त्याचेच. ब्लाव्हाट्स्कींच्या नावावर ते खपवू नका. जर्मन शाखेचे प्रमुख रुडॉल्फ स्टाइनर यांनी हाच क्रम पोलेरियन, हायपरबोरियन, लेमुरियन, अटलांटियन असा ठेवला पण अर्थ ख्रिस्ती केला आणि १९१२-१३ मध्ये वेगळे झाले.

शेवंती

दप्तरखाना, टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानाचा सिद्धान्त आणि ही ध्रुवाभोवतीची पुण्यभूमी यांचा संबंध जोडला जातो. त्यात तथ्य?

दप्तरखाना

दिशा एक, बाकी सगळे वेगळे. टिळकांचा ग्रंथ १९०३ चा. त्यांचा आधार ऋग्वेदातल्या दीर्घ उषांची वर्णने, सहा महिन्यांचा देवांचा दिवस आणि हिमयुगाचे तेव्हाचे भूशास्त्र. माणसे आपल्यासारखीच हाडामांसाची, काळ हजारो वर्षांचा. थिऑसफीत तिथे अदेही छाया आहेत आणि काळ कोट्यवधी वर्षांचा. टिळकांचे प्रमेय चूक ठरवायचे तर ऋचांच्या अर्थावर वाद घालता येतो. पुण्यभूमीवर तसा वाद घालायला जागाच नाही.

काळापाषाण

एक गोष्ट राहून जाऊ नये. 'वंश' हा शब्द इथे निरुपद्रवी राहिलेला नाही. दुसऱ्या खंडात टास्मानियन, काही ऑस्ट्रेलियन, अंदमानी, वेद्दा अशा लोकांना जुन्या वंशांचे उतरते अवशेष म्हटले आहे, आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी, एस्किमो, पॉलिनेशियन यांची घटती संख्या म्हणजे त्यांची 'वेळ भरली' असे स्पष्टीकरण आहे. टास्मानियात लोक कशाने मेले ते नोंदलेले आहे: १८२० आणि ३० च्या दशकांतल्या वसाहतवाल्यांच्या कत्तली, जमिनी हिरावणे, रोगराई, बेटावर नेऊन डांबणे. आणि ते संपलेही नाहीत, टास्मानियन आदिवासींचे वंशज आज तिथे आहेत. कत्तलीला कर्माचा नियम म्हणणे हे मला या ग्रंथातले सर्वांत गंभीर अपयश वाटते. व्हिएन्नात गिडो फॉन लिस्टसारख्यांनी याच मूळवंशांच्या शिडीवर जर्मन वर्चस्वाचा विचार उभा केला, तेव्हा त्यांना शिडी नव्याने बांधावी लागली नाही.

मौनव्रती

हे मान्यच करावे लागते. मी एवढेच जोडेन की सोसायटीचे पहिले उद्दिष्ट वंश, धर्ममत, लिंग, जात, वर्ण यांचा भेद न मानता विश्वबंधुत्व हे आहे, आणि सिद्धान्तात प्रत्येक मोनॅडला सगळ्या वंशांतून जायचेच आहे. कुणी कायमचा खाली नाही. त्या अर्थी मूळवंश म्हणजे रक्त नव्हे, मानवतेच्या वयाचा टप्पा. पण तुम्ही दिलेली वाक्ये त्या अर्थात बसत नाहीत. त्यांत जिवंत माणसांच्या समूहांना टप्प्यांवर चिकटवले आहे. ती दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात आहेत हे लपवू नये.

शेवंती

आणि 'आर्य' या शब्दाचीही गल्लत होते. भाषाशास्त्रातले आर्य म्हणजे भारत-इराणी भाषा बोलणारे. थिऑसफीत पाचव्या मूळवंशात अरब-यहुदी आणि युरोपीयही येतात. बेझंट-लेडबीटरांच्या १९१३ च्या मांडणीत हिंदू पहिला उपवंश, मग अरबी, इराणी, केल्टिक आणि ट्यूटॉनिक पाचवा. आजच्या आर्य-स्थलांतराच्या वादात या मांडणीचा पुरावा म्हणून कुठल्याच बाजूने उपयोग नाही.

अहर्गण

पृष्ठांक देताना फार गोंधळ होतो. कुठली आवृत्ती धरावी?

दप्तरखाना

संदर्भ नेहमी १८८८ च्या पृष्ठांकांनी द्या. १८९३ च्या सुधारित आवृत्तीत पाने बदलली. १८९७ मध्ये बेझंटनी 'तिसरा खंड' म्हणून काढला तो ब्लाव्हाट्स्कींच्या मरणोत्तर कागदांचा, त्याला आधीच्या दोघांइतके वजन देऊ नये. अड्यारची १९३८ ची आवृत्ती सहा भागांची आहे, तिथे मानवोत्पत्ती तिसऱ्या-चौथ्या भागात येते. त्यामुळे 'खंड ३' असे नुसते लिहिले की वाचणारा भलतीकडेच जातो. बोरिस द झिरकॉफ यांनी संपादित केलेल्या आवृत्तीत १८८८ चे पृष्ठांक कायम आहेत, ती मिळाली तर उत्तम.

वाचायला सुरुवात कडव्यांपासून करा, भाष्यापासून नको. ४९ श्लोक तासाभरात होतात. मग पितरांवरचे भाष्य, मग अहर्गण यांनी सोडवलेला कालगणनेचा तक्ता, आणि शास्त्राशी वाद घालणारा तिसरा विभाग सगळ्यांत शेवटी. त्या विभागात १८८० च्या दशकातल्या पुस्तकांतले लांबच लांब उतारे आहेत, काही ठिकाणी उसनवारी नीट नोंदवलेली नाही. कोलमन नावाच्या टीकाकाराने १८९० च्या दशकात तोच आरोप केला होता. तेव्हा भूशास्त्रज्ञ विंचेल, हेकेल यांची तेव्हाची मते काय होती हे शेजारी ठेवून वाचले तर ब्लाव्हाट्स्कींचे स्वतःचे किती आणि घेतलेले किती ते वेगळे काढता येते.

अहर्गण

मग १८८८ च्या दुसऱ्या खंडातली ६७-६८ ही पाने. ६८७ च्या जागी नंतरच्या कुठल्या आवृत्तीत ९८७ केले आहे का, हे ज्यांच्याकडे १८९३ ची प्रत आहे त्यांनी पाहून इथे टाकावे.